चाकामागचा गोटा

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. माझ्या माहेरच्या गावातली शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीला एकोडीला जावं लागे, आणि आईला बाजारात टोपल्यापाशी बसायला कोणीतरी हवं होतं. त्यानंतर पेन हातात आला तो सही करायला, नाहीतर किराण्याची यादी लिहायला. ही वही मुलीची आहे. तिने पुढची काही पानं लिहून सोडून दिली. मी मागच्या बाजूने सुरुवात केली आहे, म्हणजे कोणी वही उघडली तर आधी तिची गणितं दिसतील. कोणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही. तोंडाने सांगणं मला जमत नाही, म्हणून लिहिते.

आम्ही मासे धरणारे लोक. सासरच्या गावाच्या उगवतीला मोठा तलाव आहे. त्याच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, पाण्यापर्यंत बैलगाडी उतरेल एवढा उतार केलेला आहे. त्यावर मुरूम टाकलेला आहे, पण सकाळी जाळी ओढली की पाणी सांडून तो उतार चिखल होतो. माणसं पाण्यातून मासोळ्या काढतात, उतारावर कॅरेट भरतात, मोटरसायकलच्या मागे बांधतात आणि साकोलीच्या बाजूला घेऊन जातात. मी त्याच उतारावर कडेला टोपलं आणि तराजू घेऊन बसते. गावातल्या बाया तिथेच येऊन किलो-अर्धा किलो घेऊन जातात.

उतारावर गाडी कशी लावायची हे मला गाडी येत नसूनही पाठ आहे. इतकी वर्षं तेच बघते आहे. गाडीचं तोंड पाळीकडे, म्हणजे वर. पहिला गेअर टाकायचा. हँडल डावीकडे मोडायचं. स्टँडचा पाय बसेल तिथे चपटा दगड, नाहीतर ओल्या मुरमात स्टँड रुततो. आणि शेवटी मागच्या चाकाच्या खालच्या बाजूला एक चांगला जड गोटा, चाकाला चिकटून. तोंड खाली, पाण्याकडे करून कोणी गाडी लावली की म्हातारी माणसं ओरडतात, कारण खाली तोंड असलं की गाडी पुढे सरकते आणि स्टँड आपोआप मिटतो. वर तोंड असलं की निदान स्टँड अडून राहतो. हे मला कोणी शिकवलं नाही. उलट मी काही सांगितलं असतं तर कोणी ऐकलं नसतं, आणि मी सांगणारीही नव्हते.

ज्या गाडीचं मला लिहायचं आहे ती माझ्या भासऱ्यांची. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. आमच्यात भासऱ्यांशी बोलत नाहीत. लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी त्यांच्यासमोर पदर घेते, ते अंगणात असले तर दुसऱ्या बाजूने जाते, त्यांचं नाव घेत नाही. त्यांना हात लागू द्यायचा नाही, चुकूनही. काही सांगायचंच असलं तर मध्ये कोणीतरी लागतो. मग जाऊबाईंना सांगायचं, "जेवण झालं म्हणावं," आणि ते तिथेच दोन हातांवर बसलेले असले तरी जाऊबाई पुन्हा सांगणार, "जेवण झालं म्हणते." मग ते उत्तर जाऊबाईंना देणार. कोणीच नसलं तर भिंतीला सांगायचं, कोंबडीला सांगायचं. नव्या मुली हसतात याला. शहरात राहणाऱ्या आमच्याच सुना भासऱ्यांशी फोनवर बोलतात. पण मी तशी नाही. मला तर ही रीत बरीच वाटायची. ज्याला बोलायची भीती वाटते त्याला न बोलायची सोय मिळाली तर तो कशाला तक्रार करील?

भासऱ्यांची गाडी जुनी, दुसऱ्याची वापरलेली घेतलेली. तिचा पहिला गेअर टिकत नव्हता, उतारावर आपोआप सुटायचा. मिस्त्रीने इंजिन खोलावं लागेल म्हणून सांगितलं होतं. ते पुढे ढकलत होते. म्हणून त्यांचा सगळा भरवसा गोट्यावर. रोज चांगला गोटा शोधून लावायचे आणि वरून पायाने दोनदा ठोकून बघायचे.

माझ्याकडेही एक गोटा होता. माझं किलोचं लोखंडी माप हरवलं होतं, तेव्हा नदीतला एक गोल काळा गोटा आणून मी दुकानात मापाशी जुळवून घेतला होता. थोडा कमी भरला म्हणून दुकानदाराने त्याला लोखंडाची कडी तारेने बांधून दिली. बरोबर किलो. चार वर्षं मी त्याच्यावर मासे मोजले.

त्या सकाळी थंडी होती. मी टोपलं आणि तराजू जागेवर ठेवून मासोळ्या धुवायला पाण्याकडे उतरले. वर आले तर तराजूजवळ गोटा नाही. भासऱ्यांनी तेवढ्यात गाडी आणून लावली होती, आणि हाताशी दुसरा दगड नव्हता म्हणून माझा गोटा चाकामागे लावला होता. कडीची तार दिसत होती. ते स्वतः खाली पाण्याजवळ माणसांबरोबर कॅरेट भरत होते.

माझ्यापुढे एक म्हातारी आजी येऊन बसली. तिच्याकडे जावई आला होता आणि तिला घाई होती.

"दे वो लवकर, किलोभर दे. रोहू दे. जावई उठून बसला अशीन."

मी म्हटलं, "देतो न आजी, थांबा जराशा."

थांबून काय करायचं हे मला कळत नव्हतं. गोटा त्यांनी लावलेला, त्यांना विचारायला हवं. नवरा छातीएवढ्या पाण्यात जाळं धरून उभा. आजीला सांगितलं असतं की त्यांना विचारा, तर ती विचारूनही आली असती. पण एवढ्याशा गोष्टीसाठी म्हातारीला उतारावरून कशी पाठवायची, असं वाटलं. मी उठले, गाडीपाशी गेले आणि गोटा काढला. गाडी हललीसुद्धा नाही. स्टँडवर तशीच उभी होती. मला वाटलं, गरजच नव्हती.

मग मी तलावातून उपसलेल्या वाळल्या गाळाचं एक ढेकूळ उचललं आणि गोट्याच्या जागी ठेवलं. दिसायला गोट्याएवढंच, काळं. इथे खरं लिहिते. ते ढेकूळ मी गाडी अडावी म्हणून ठेवलं नव्हतं. त्यांनी बघितलं तर जागा रिकामी दिसू नये म्हणून ठेवलं होतं.

मी जागेवर येऊन एका पारड्यात गोटा टाकला आणि दुसऱ्यात रोहू. आजीला तो रोहू पसंत पडेना. "हा मेलेला दिसते," म्हणाली. "डोरे पाहा न त्याचे." मी दुसरा काढला. तेवढ्यात भासरे आणि आणखी एकजण एकेक कॅरेट घेऊन वर आले. दोन्ही कॅरेट गाडीच्या मागे चढवले. तो दुसरा माणूस परत खाली गेला. भासरे गाडीच्या मागे, उताराच्या खालच्या बाजूला उभे राहून ट्यूबच्या रबराने कॅरेट बांधायला लागले.

ओल्या मासोळ्यांचे कॅरेट. त्यातून पाणी गळत होतं. ते पाणी मडगार्डवरून थेंब थेंब नेमकं ढेकळावर पडत होतं.

मी ते बघत होते. आधी ढेकळाचा वरचा भाग ओला झाला. मग सगळंच काळं झालं. मग त्याला एक चीर पडली. लोक म्हणाले, एका क्षणात झालं. एका क्षणात नाही झालं. एक माणूस पानाला चुना लावून पान तोंडात टाकील एवढा वेळ मला होता. भासरे माझ्यापासून चार हातांवर. खाली वाकलेले, त्यांच्या पाठीवर स्वेटरला एक भोक होतं, तेसुद्धा मला दिसत होतं. माझ्या तोंडात शब्द होते. "सरका." दोन अक्षरांचा शब्द नाही, तीन अक्षरांचा. तेवढाच म्हणायचा होता.

मी आजीकडे वळले आणि म्हटलं, "आजी, सांगा न त्यायले. गाडी सरकते म्हणावं."

आजी रोहूचे कल्ले उघडून बघत होती. "कोनाले?" म्हणाली.

"त्यायले. गाडी सरकते म्हणावं."

आजीने मान वळवली. "अगा बापू," एवढंच तिच्या तोंडून निघालं. ढेकूळ फुटलं, चाक मागे आलं, स्टँड ओल्या मुरमात रेघ ओढत गेला आणि गाडी कॅरेटसकट भासऱ्यांच्या अंगावर कलंडली. त्यांचा डावा पाय खाली सापडला. कॅरेट फुटले. मासोळ्या उतारावरून घसरत पाण्याकडे गेल्या, आणि ज्यांच्यात जीव होता त्या परत तलावात शिरल्या.

सगळ्यांत जवळ मी होते. मी उठून गेले. गाडीला हात लावला, त्यांना लावला नाही. हँडल धरून एकटीने गाडी उचलायला बघितली, ती थोडी उचलली गेली, आणि मी तशीच धरून उभी राहिले. त्यांना काखेत हात घालून ओढलं असतं तर पाय निघाला असता. मी तोंड दुसरीकडे करून हँडल धरून उभी होते, पदर सुटला होता आणि तो सावरायला हात मोकळा नव्हता म्हणून मला लाज वाटत होती. त्या वेळी मला त्याची लाज वाटत होती.

माणसं पाण्यातून धावत आली. माझ्या नवऱ्याने त्यांना बाहेर ओढलं.

"गेअरात नोती का दादा?"

"गेअर टिकत नाही न तिचा," भासरे दात दाबून म्हणाले. "गोटा लावला होता मी."

"कोठी हाय गोटा?"

सगळ्यांनी उताराकडे बघितलं. तिथे चिखल होता. ढेकळाचं नावही उरलं नव्हतं.

"लावला होता गा. चांगला गोटा लावला होता."

एकजण त्या परिस्थितीतही म्हणाला, "मंग गोटा आंग धुवाले गेला अशीन तलावात." दोघंतिघं हसले. वाईट मनाने नाही हसले, आमच्यात असंच बोलतात. पण भासऱ्यांनी डोळे मिटून घेतले.

गोटा माझ्या पारड्यात होता. मी जाऊन त्यावर पदराचं टोक टाकलं. आजीला रोहू पिशवीत घालून दिला. "किती झाले?" तिने विचारलं. मी म्हटलं, "राहू द्या आजी." ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "फुकटचं कायले खाऊ मी?" आणि नोटा टोपल्याखाली दाबून निघून गेली. तिने गोटा बघितला होता. तिने ढेकूळ ठेवतानाही बघितलं असेल. ती कधी कोणाला बोलली नाही, पण त्यानंतर माझ्याकडून मासोळी घेताना ती आधी पैसे देऊ लागली.

भासऱ्यांना ऑटोत घालून साकोलीच्या दवाखान्यात नेलं. उतार रिकामा झाला. मी टोपलं धुवायला पाण्यात उतरले आणि हात पाण्याखाली धरून गोटा सोडून दिला. चार वर्षं वापरलेला. मग मला आठवलं, तो माणूस म्हणाला होता तसंच झालं. गोटा तलावातच गेला.

घोट्याजवळचं हाड मोडलं होतं. प्लास्टर लागलं. हिवाळ्याचे ते दोन-अडीच महिने आमचे कमाईचे, ते भासऱ्यांनी खाटेवर काढले. गाडीचं हँडल, सायलेन्सर, पायाचा दांडा असं सगळं वाकलं होतं, आणि आता इंजिनही खोललं. जाऊबाईंनी घरावर टिनाचे नवे पत्रे टाकण्यासाठी तांदळाच्या डब्यात पैसे जमवले होते, साडेनऊ हजार. ते सगळे दवाखान्यात आणि मिस्त्रीकडे गेले.

जाऊबाई मनाच्या वाईट नाहीत, पण तोंड चालू असतं. खाटेवरच्या माणसाला दिवसभर ऐकवायच्या. "पोरं बी गाडी लावते उतारावर. त्यायच्या नाही पडत आंगावर. तुमच्याच कशा पडते? गोटा लावला म्हणे. कोनाले दिसला गोटा?" भासरे आधी एक-दोनदा म्हणाले, "लावला होता." मग म्हणणं सोडून दिलं. भेटायला येणारा प्रत्येकजण एकदा गोट्याचा विनोद करायचा. "यंदा गोटा पोहाले शिकला म्हणते." ते हसायचे. मी भिंतीच्या या बाजूला, आमच्या स्वयंपाकात बसून ऐकायची. आमची भिंत एकच आहे. मी रोज ठरवायची की आज सांगते. आणि मग जाऊबाईंचं तोंड आठवून हातातलं काम पुढे ओढायची.

सांगितलं नाही, त्याच्याऐवजी मी पैसे द्यायला लागले. भासरे पडून होते तरी जाळ्यात त्यांचा वाटा होताच. तो विकायला मी माझ्याकडे घेतला. बाजाराच्या दिवशी त्यांच्या वाट्याचे जेवढे पैसे येत, त्यात माझे शंभर, कधी दीडशे मिसळून मी जाऊबाईंच्या हातावर ठेवायची. माझे म्हणजे, दुपारी धानाच्या बांध्यांतल्या, म्हणजे भातखाचरांतल्या, पाटात मी एकटी छोटं जाळं लावून झिंगे धरायची, ते वाळवून विकायचे. नवऱ्याला सांगितलं की मुलीसाठी जमवते. किती दिले ते मी दाराच्या मागे कोळशाने रेघ ओढून ठेवायची, शंभराला एक.

जाऊबाई खूश झाल्या. असं होईल हे मला वाटलं नव्हतं.

"काय वो, लय भाव भेटते तुझ्या हाताले. मी विकलं त एवढे नाही येत."

मी म्हटलं, "गिऱ्हाईक चांगलं भेटलं बाई."

त्या शेजारणींना सांगायच्या, "माही देरानी लाखाची हाय. दिसते मुकी, पर बाजारात बसली का कोनाले आयकत नाही." शेजारणी माझ्याकडे कौतुकाने बघायच्या. एकीने विचारलंही, "कशी करते वो तू? आमाले बी सांग." मला त्या वेळी जमिनीत जावंसं वाटे. मार खाल्ला असता तर बरं वाटलं असतं. शिव्या भासऱ्यांना आणि कौतुक मला, असं रोज चाललं होतं, आणि मी दोन्ही ऐकून घेत होते.

प्लास्टर निघालं, पण ते अजून लंगडत होते, तेव्हाची गोष्ट. उन्हाळा लागला होता. मी दुपारी पैसे द्यायला त्यांच्या अंगणात गेले. जाऊबाई घरात नव्हत्या. भासरे खाटेवर बसून एका लाकडाला आकार देत होते. मी पदर घेतला आणि परत फिरले. मागून आवाज आला. माझ्याशी नाही. अंगणात दाणे टिपणाऱ्या कोंबडीशी.

"गोटा चांगला होता. कडी होती त्याले. किलोले बरोबर अशीन."

माझे पाय तिथेच थांबले.

"अकरा गोटे पाहून एक लावतो मी," ते कोंबडीला म्हणाले. "पर त्या दिवशी दिसला तोच उचलला. दुसऱ्याचा होता, इचाराले पाहिजे होतं. कसा इचारू?" मग म्हणाले, "पडलो तवा पारड्यात दिसला मले. पदराखाली."

त्यांनी बघितलं होतं. पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं. सगळ्या गावाचे विनोद आणि बायकोचे बोल ऐकून घेतले, आणि बोलले नाहीत. मी त्यांच्याशी बोलू शकत नव्हते तसेच तेही माझ्यावर बोट ठेवू शकत नव्हते. भावाच्या बायकोचं नाव चार माणसांत कसं घ्यायचं?

मी दाराच्या खांबाकडे तोंड केलं. खांबाला म्हटलं, "मीच काढला. ढेकूळ ठेवलं."

"हव."

"पैसे देऊन राहिली मी."

"ते समजलं," कोंबडीला ते म्हणाले. "रोहूले एवढा भाव कोनी देत नाही."

मला वाटलं झालं, आता जावं. पण ते पुन्हा बोलले, या वेळी आवाज थोडा बारीक होता. "एक इचाराचं होतं. सरकताना दिसली होती का गाडी?"

मी खोटं बोलू शकत होते. खांबच होता समोर. पण मी म्हटलं, "दिसली होती."

"मंग काहून नाही बोलली?"

  कोंबडी खाटेखाली निघून गेली. मग मी म्हटलं, "कशी बोलू?"

ते काही वेळ लाकडावर चाकू घासत राहिले. मग म्हणाले, "हव. तेही खरं." त्यांनी मला माफ केलं की त्यांना दुखलं ते मला आजही माहीत नाही. मी पैसे उंबऱ्यावर दगडाखाली ठेवून आले.

त्याच संध्याकाळी मी आधी नवऱ्याला सांगितलं आणि मग जाऊबाईंना. भासऱ्यांनी मागितलं नव्हतं. पण त्यांना माहीत आहे हे कळल्यावर त्यांना दिवसाकाठी दोन विनोद ऐकायला लावणं मला जमेना. नवरा डोक्याला हात लावून बसला. मग म्हणाला, "ढेकूळ? चाकामांगं ढेकूळ ठेवते का कोनी?" दुसऱ्या दिवशी त्यानेच पाळीवर सगळ्यांना सांगितलं. मी त्याला तसं करायला सांगितलं होतं, तरी सांगताना मी टोपल्यात तोंड घालून बसले होते. भासरेही त्या दिवशी लंगडत पाळीपर्यंत आले होते. मग एकजण भासऱ्यांना म्हणाला, "म्हणजे लावला होता न गा गोटा तू." एवढं एक वाक्य ऐकायला त्यांना चार महिने लागले होते.

मला नाव पडलं, ढेकूळवाली. "ढेकूळवाली वहिनी, अर्धा किलो दे." अजूनही म्हणतात. मी मोजून देते.

जाऊबाई पंधरा दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. आमच्या मधल्या भिंतीवरून भांडी आपटल्याचे आवाज तेवढे यायचे. सोळाव्या दिवशी त्या माझ्या दारात आल्या आणि आत न येता म्हणाल्या, "आतापर्यंत किती देल्ले तू वरचे?"

मी दार ओढून मागच्या कोळशाच्या रेघा दाखवल्या. बोट लावून त्यांनी मोजल्या, दोनदा मोजल्या. "एकवीसशे," म्हणाल्या. "साडेनऊ होते. बाकीचे बी पाहिजे मले. पत्रे टाकाचे हायेत."

"देतो बाई."

"अन् भाव भेटला म्हणून नको सांगू. सरळ देजो."

त्या दिवसापासून कौतुक बंद झालं. मला हलकं वाटलं असं लिहिलं तर खोटं होईल. शेजारणींना आता दुसरं सांगितलं जात होतं आणि तेही भिंतीतून ऐकू येत होतं. पण देताना आता खोटं बोलावं लागत नव्हतं. झिंग्यांच्या दिवसांत दोनशे, पावसात शंभर. एका महिन्यात मुलीला ताप आला तेव्हा काहीच दिलं नाही. जाऊबाईंनीही मागितलं नाही, उलट ताटलीवर ताटली ठेवून भाजी पाठवली. त्या पावसाळ्यात त्यांचं घर गळलं. रात्री भांडं सरकवल्याचा आवाज आला की मी उठून बसायची.

पुढच्या हंगामात भासरे पुन्हा गाडी घेऊन तलावावर यायला लागले. खाटेवर बसून ते करत होते तो लाकडी गुटका होता, एका बाजूने तिरपा कापलेला, चाकाखाली बरोबर बसेल असा. त्याला दोरी बांधून ती त्यांनी गाडीच्या कॅरिअरला अडकवली होती, म्हणजे कोणी उचलून नेऊ नये. ती दोरी बघितली की माझी मान खाली जायची. गेअरही आता टिकत होता. वरून ते पुढच्या ब्रेकची मूठ ट्यूबच्या तुकड्याने आवळून ठेवायचे.

एका सकाळी दव फार होतं. त्यांनी गाडी लावली, गुटका लावला, पायाने ठोकला. गुटका चाकाला चिकटला नव्हता, खाली मुरमाचा खडा आला होता. मधे दोन बोटांची फट. त्यांना वरून दिसत नव्हती, मला बसल्या जागेवरून दिसत होती. ते कॅरेट आणायला निघाले. माझ्यापुढे तीच आजी बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं. मीही तिच्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "गुटका बसला नाही. खडा हाय खाली."

तिला नाही म्हटलं. त्यांच्या पाठीला म्हटलं, मोठ्याने. स्वतःचा आवाज मला दुसऱ्याचा वाटला. पाण्यातली दोन माणसं वळून बघायला लागली. भासरे थांबले. मागे वळले नाहीत, तसेच आडवे चालत गाडीपाशी आले, खडा काढला, गुटका लावून पुन्हा ठोकला. "हव," म्हणाले. गाडीला म्हणाले की मला, कळलं नाही.

आजी खालच्या आवाजात म्हणाली, "आता फुटलं तोंड तुहं. एक साल आधी फुटलं असतं त?" मी तिचे मासे मोजले. कान तापले होते. लाज दोन्हींची होती, आज बोलले त्याची आणि तेव्हा बोलले नाही त्याची. पण दोन्ही सारख्या नव्हत्या. आजची लाज दुपारपर्यंत गेली.

त्यानंतरही मी त्यांच्याशी बोलत नाही. पदर घेते. पण गाडीपुरतं बोलते, आणि त्याला कोणी काही म्हणत नाही.

परवा बाजार होता. घरी येऊन मी दारामागच्या रेघा मोजल्या. चौऱ्याण्णव. शेवटचे शंभर काढून ठेवले होते, ते घेऊन जाऊबाईंकडे गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. भासरे अंगणात गाडी पुसत होते. मी नोट जाऊबाईंच्या सुपात ठेवली आणि म्हटलं, "बाई, हे शेवटचे."

त्यांनी नोट उजेडात धरून बघितली. डब्यातले बाकीचे काढले आणि माझ्यासमोर सगळे मोजले, बोटाला थुंकी लावून, दहादहाचे वेगळे ढीग करून. मीही त्यांच्याबरोबर मनात मोजत होते. अंगणातला फडका थांबला होता.

"साडेनऊ," जाऊबाई म्हणाल्या. मग बाहेर तोंड करून थोड्या मोठ्याने म्हणाल्या, "पुरे झाले म्हणते."

"हव," बाहेरून आवाज आला. "पुरे झाले म्हणावं तिले."

घरी येऊन मी ओल्या फडक्याने दारामागच्या रेघा पुसल्या.